काकाकागे

१

"हा काका कुठून आला?" लेखिकाबाईंनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं नंतर सगळ्यांनाच वाटलं. बाई कचेरीच्या मधोमध, नुकत्याच सोडलेल्या गठ्ठ्याशेजारी काठी टेकून उभ्या होत्या. नव्या पुस्तकांच्या डिंकाचा वास खोलीभर पसरला होता आणि प्रकाशनसंस्थेचे मालक बिस्किटांची बशी पुढे करून हसत होते. बशी तशीच पुढे राहिली, हसू तेवढं गेलं.

"कुठला काका, बाई?"

"तेच विचारतेय. हे वाचा. 'काकाने माझे कागद शेगडीत घातले.' अहो, माझे कागद मामाने जाळले! मामाने! शाळेतूनही त्यानेच काढलं. जन्मभर गिळून बसले आणि सत्तरीत एकदाचं लिहिलं, तर तुम्ही माणूसच बदललात?"

मालकांनी एक प्रत उघडली. मुख्य संपादक मॅडमनी दुसरी. पानं फडफडू लागली. बाईंच्या बालपणाच्या त्या पुस्तकात मामा औषधालाही उरला नव्हता. मामा होता तिथे काका, मामी होती तिथे काकू. आणि सुरुवातीला, कोऱ्या पानाच्या मधोमध, सुबक अक्षरांत अर्पणपत्रिका: 'आप्पांना, माझ्या एकुलत्या एका काकांना.'

एकुलता एक काका. आणि आत हे.

"आप्पा उद्या पहिल्या रांगेत बसणार आहेत," बाई म्हणाल्या. "नव्वदी उलटलेला माणूस प्रकाशनासाठी नवा सदरा शिवून बसलाय. त्या घरातून ज्याने मला हाताला धरून बाहेर काढलं, शाळेत घातलं, त्याच्या हातात मी हे देऊ?"

मालकांची नजर खोलीभर फिरली आणि फिरत फिरत कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर येऊन थांबली.

"छापखान्याला फाइल कुणी पाठवली?"

"मी," कोपऱ्यातून आवाज आला. "म्हणजे, पाठवली मीच, पण..."

"उद्याचा कार्यक्रम रद्द," बाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी मी येईन. हे कुणी केलं ते मला तोपर्यंत कळलं पाहिजे. नाहीतर माझं पुस्तक मला परत द्या."

जिन्यावर काठीचा आवाज खाली खाली जात राहिला. तो पुरता विरल्यावर मालक कोपऱ्यातल्या टेबलापाशी आले.

"तुला कायम करायचं या आठवड्यात ठरवत होतो," ते म्हणाले. "उद्या बाई यायच्या आत खरं काय ते सांग. नाही सांगता आलं, तर परवापासून येऊ नकोस."

२

त्या कोपऱ्यातल्या मुलीला कचेरीत सगळे स्वल्पविराम म्हणत. कारण ती एका दमात वाक्य संपवत नसे. 'म्हणजे', 'मला वाटलं', 'पण' अशी कुठेतरी अडखळून पुढे जाई. लाडाने स्वल्पी. बारसं केलं होतं डीटीपीने. अक्षरजुळणी करणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या धंद्याच्या नावानेच हाक मारली जाई आणि त्याचा सूड म्हणून त्याने सगळ्यांना विरामचिन्हं वाटून टाकली होती. मॅडम म्हणजे पूर्णविराम, कारण त्या बोलल्या की विषय संपे. मुद्रितं तपासणारे म्हातारे गृहस्थ अंगाने किडकिडीत आणि डोक्याने गोल, शिवाय कायम स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीत काहीतरी शोधत असायचे, म्हणून ते अनुस्वार.

स्वल्पी संपादन सहायक होऊन दोन-तीन महिनेच झाले होते. त्याआधी ती वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायची. "दुसऱ्याला नीट दिसावं म्हणूनच मी जन्माला आलेय का?" असं एक दिवस वडिलांना म्हणाली आणि बॅग भरून आत्याकडे राहायला आली. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं, "काउंटर कुठे पळून जात नाही. जमलं नाही तर ये." हे 'जमलं नाही तर' तिच्या पायात खड्यासारखं रुतून बसलं होतं. त्यामुळे ती एका जागी बसत नसे. मुद्रितंसुद्धा येरझाऱ्या घालत वाचायची.

मॅडमना तिच्या येरझाऱ्यांचा त्रास होई, पण त्या बोलत नसत. मॅडम मुळातच कमी बोलत. विनोद तर नाहीच. एकदाच काय ते त्यांच्या तोंडून हलकं वाक्य निघालं होतं. याच पुस्तकाची मुद्रितं दोघी समोरासमोर बसून वाचत होत्या आणि स्वल्पी नेहमीप्रमाणे आत्याचं रडगाणं गात होती, की ओला टॉवेल खुर्चीवर टाकला म्हणून आत्या सकाळपासून भडकलीय. मॅडम पानावरची नजर न काढता म्हणाल्या होत्या, "आत्या रागावली की बोलणं बंद. मशीन सुरू."

स्वल्पी खळखळून हसली होती. "आमच्याकडे उलटं आहे, मॅडम. मशीन बंद पडतं, बोलणं नाही!"

मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. पान उलटलं होतं.

आता स्वल्पी उठली ती थेट डीटीपीच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिली. एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या.

"नाचू नकोस, स्वल्पे. टेबल हलतं."

"तू केलंस का?"

"मी? अगं, मी शब्द वाचतच नाही, नुसती अक्षरं बघतो. वाचत बसलो असतो तर इतकी वर्षं या खुर्चीत टिकलो असतो का? इथे छापलेल्या चार पुस्तकांनंतरच संन्यास घेतला असता." त्याने माउस फिरवला, सगळ्यांच्या वापरातला सामायिक कप्पा उघडला. "हे बघ, तूच बघ."

पुस्तकाच्या नावाच्या कप्प्यात दोन फाइली होत्या. एकीचं नाव 'अंतिम'. दुसरीचं 'शेवटची'.

त्याने पहिली उघडली. मामाच मामा. दुसरी उघडली. काका.

तो दिवस स्वल्पीला लख्ख आठवला. छापखान्यातून सारखे फोन येत होते. मॅडम दाराजवळ उभ्या राहून दुसऱ्याच कुणाशी हळू आवाजात बोलत होत्या, "डॉक्टर काय म्हणाले?" असं काहीतरी. तिने खुणेनेच विचारलं होतं, कुठली पाठवू? आणि मॅडम फोनवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "शेवटची पाठव."

तिने शेवटची पाठवली. फाइलच्या नावावर टिचकी मारून, स्वतःच्या बोटाने.

"म्हणजे," डीटीपी हळूच म्हणाला, "खून तुझ्याच हातून झालाय."

३

मॅडमनी नाकारलं नाही. मालकांच्या टेबलासमोर उभं राहून स्वल्पीने सगळं सांगितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं.

"मी 'शेवटची' म्हणाले असेन," त्या म्हणाल्या. "फाइलचं नाव म्हणून नव्हते म्हणाले."

"बघ!" मालक म्हणाले. "शेवटची म्हणजे अंतिम. हे कुणालाही कळेल."

"पण मग ती दुसरी फाइल, म्हणजे, ती केली कुणी?"

"तेच तू सांगायचंयस."

तो कप्पा पाचही जणांना उघडता येत होता. मालक, मॅडम, डीटीपी, अनुस्वार आणि ती स्वतः. स्वल्पी जिना उतरली, पुन्हा चढली, माठातलं पाणी प्यायली, अर्धं सांडलं आणि अनुस्वारांच्या स्टुलापाशी आली.

"खाली उतरा ना. वर बघून बोललं की मला चक्कर येते."

अनुस्वार उतरले. त्यांच्या हातात छापलेली प्रत होती आणि चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा.

"स्वल्पविराम, हे बघितलंस?" त्यांनी एका ओळीखाली नख ओढलं. "'आई दिवसभर काकाकागे धावे.' काकाकागे! माझ्या डोळ्यांखालून हे गेलं असतं तर मी त्याच दिवशी डोळे दान केले असते."

"काकाकागे म्हणजे?"

"मूळ काय होतं आठव."

स्वल्पीने पुटपुटून बघितलं. आई दिवसभर... "कामामागे! कामामागे धावे."

"का, मामा, गे. या शब्दाच्या पोटात एक मामा लपून बसलाय. कुणीतरी संगणकाला सांगितलं, जिथे मामा दिसेल तिथे काका घाल. त्या ठोंब्याने तिथेही घातला. म्हणजे हे एकेक शब्द खोडून केलेलं काम नाही. एका फटक्यात केलंय. आणि माझं शेवटचं वाचन झाल्यावर केलंय, कारण माझ्या शेवटच्या दुरुस्त्या सगळ्या यात आहेत."

"म्हणजे अडाण्याचं काम," स्वल्पी म्हणाली. तिला जरा धीर आला. अडाणी म्हटलं की मालक डोळ्यांसमोर येत. ते पुस्तकाची फक्त पाठ वाचायचे.

"तसंही नाही." अनुस्वारांनी पानं उलटली. "बाईंनी लिहिलं होतं, 'आम्ही आजोळी राहायला आलो.' इथे बघ, 'आम्ही गावच्या घरी राहायला आलो.' काका आजोळी कसा असेल? आजोळ म्हणजे आईचं माहेर. ज्याने केलं त्याला हे खटकलं. 'आईचा भाऊ' होतं तिथे 'बाबांचा भाऊ' केलंय. शेवटच्या पानावर बाई घर सोडतात ना, तिथेही. 'काकू पोट सावरत दारापर्यंत आली. तिला सहावा महिना होता. ते मूल मी कधी पाहिलं नाही.' बघ, व्याकरणाला धक्का नाही, वाक्याचा तोल तसाच. नातं तेवढं गेलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "फार प्रेमाने केलंय गं हे, कुणी केलं असेल ते."

स्वल्पीचे पाय पहिल्यांदाच थांबले.

मालकांना आजोळ खटकलं नसतं. डीटीपीने वाचलंच नसतं. अनुस्वारांकडून काकाकागे सुटलं नसतं. वाक्याचा तोल सांभाळणारी माणसं या कचेरीत आता दोनच उरत होती. एक मॅडम.

दुसरी ती स्वतः. आणि मालक कुणावर विश्वास ठेवतील हे सांगायला कुठल्याही हुशारीची गरज नव्हती.

४

"मग सांगून टाक ना, त्या बाईने केलं म्हणून!" आत्या म्हणाली.

संध्याकाळ होती. आत्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि स्वल्पी दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत.

"कशावरून सांगू? पुरावा काय? आणि मॅडम असं का करतील? त्यांना काय मिळणार? बाईंच्या मामाशी त्यांचं काय देणंघेणं?"

"बस गं जरा. फरशी झिजतेय. भाड्याची आहे."

"तुला थट्टा सुचतेय. मला परवापासून काउंटरमागे उभं राहायचंय. 'जवळचं दिसतंय का काका? लांबचं दिसतंय का?'"

"काका म्हणू नकोस बाई आता, ऐकवत नाही."

स्वल्पीला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. ते लपवायला ती खुंटीवरच्या कोटाकडे वळली. उद्या तरी नीटनेटकं जावं. घालवून देणारच आहेत तर निदान बाहीला बटण असावं. ते दोऱ्याला लोंबकळत होतं.

"आत्या, हे एवढं टाचून दे ना."

"मी?" आत्याने पाय खाली घेतले, जणू कुणी तिच्यावर आरोप केलाय. "तुझ्या बापाला विचार. लहानपणी एकदा त्याची चड्डी शिवली होती मी. दोन्ही पाय एकाच भोकात. शाळेत जाईपर्यंत कुणाला कळलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात सुई माझ्यापासून लपवून ठेवतात."

"तुला शिवता येत नाही?"

"ओवता येत नाही, शिवणार कुठली!"

स्वल्पी बटण हातात धरून उभी राहिली.

आत्या रागावली की बोलणं बंद. मशीन सुरू.

तिला वाटलं होतं मॅडम तिच्या आत्याबद्दल बोलताहेत. मशीन म्हणजे कपडे धुण्याचं. ओल्या टॉवेलचाच विषय चालला होता ना. पण तिची आत्या रागावली की गप्प बसते, असं जगातलं कुणीच म्हणणार नाही. तिने मॅडमना तसं कधी सांगितलंही नव्हतं. मग कुठली आत्या?

तिने पिशवीतून पुस्तक ओढून काढलं. मुखपृष्ठावर एक खिडकी होती आणि खिडकीत शिवणयंत्र. आत, दुसऱ्याच प्रकरणात: 'आई चिडली की तोंडातून शब्द काढत नसे. शिवणयंत्राशी जाऊन बसे. यंत्राच्या आवाजावरून आम्हाला कळे, आज कितपत चिडली आहे.'

आई. लेखिका लिहितात आई. वाचणारे सगळे म्हणतात 'बाईंची आई'. मालकही, डीटीपीही, अनुस्वारही. त्या बाईला आत्या कोण म्हणेल?

"आत्या," स्वल्पीने हळूच विचारलं, "मी तुला आत्या का म्हणते?"

"डोक्यावर परिणाम झाला का गं? तुझ्या बापाची बहीण म्हणून."

बापाची बहीण. त्या यंत्रावर बसलेल्या बाईला एकच भाऊ होता, कागद जाळणारा. आणि त्याची बायको सहाव्या महिन्याचं पोट सावरत दारात उभी होती.

ते मूल लेखिकाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. स्वल्पी मात्र त्याच्या समोर रोज बसून चहा पीत होती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम गठ्ठ्यांच्या खोलीत एकट्या होत्या. काल सोडलेले गठ्ठे पुन्हा बांधत होत्या. हे काम त्यांचं नव्हे. गाठ बसत नव्हती.

स्वल्पीने दार लोटून घेतलं. रात्रभर तिने वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मॅडम, तुमची आत्या रागावली की मशीनवर बसायची ना?"

सुतळी मॅडमच्या हातातून सुटली. बराच वेळ त्या खाली पडलेल्या सुतळीकडे बघत राहिल्या, जणू ती कुणी दुसऱ्याने टाकली होती.

"कधी बोलले मी?"

"मुद्रितं वाचताना. मला वाटलं माझी आत्या."

"मलाही तेव्हा तसंच वाटलं, की तुझ्या आत्याबद्दल बोलतेय." मॅडम गठ्ठ्यावर बसल्या. "तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मी त्या यंत्राखाली खेळायचे. आत्याची मुलगी घर सोडून गेली एवढंच ठाऊक होतं. का गेली ते कुणी सांगितलं नाही. ते मला मालकांनी हस्तलिखित हातात दिलं तेव्हा कळलं."

"तरी तुम्ही त्याचं काम केलंत?"

"एक शब्द कमी केला नाही. 'अंतिम' उघडून बघ. कागद जाळल्याचं प्रकरण आहे ना, त्यात एक वाक्य सैल होतं, तेसुद्धा मीच आवळलं. माझ्याच बाबांबद्दलचं."

स्वल्पीला बसावंसं वाटलं आणि बसवेना. ती गठ्ठ्यांच्या रांगेतून चार पावलं गेली, परत आली.

"मग ती दुसरी फाइल?"

"बाबांना आता दिसत नाही. संध्याकाळी मी वाचून दाखवते. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं की भाचीचं पुस्तक येतंय. रोज मागे लागले, ते वाच, ते वाच. मी ठरवलं, वाचताना मामाच्या जागी काका म्हणायचं. त्यात काय मोठंसं? पण जमेना गं मला. जन्म गेला माझा, समोर लिहिलंय तेच वाचायचं, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. लिहिलेलं नसेल ते माझ्या तोंडून बाहेरच पडत नाही. 'मा' म्हणायचे आणि थांबायचे. बाबा विचारायचे, थांबलीस का?"

"म्हणून लिहूनच टाकलंत."

"एका माणसासाठी. दोन कान आणि एक खुर्ची, एवढीच आवृत्ती होती ती. अर्ध्यापर्यंत आलो होतो. तुमचं ते काकाकागे पुढे आहे, तिथपर्यंत पोचलोच नव्हतो, नाहीतर मला दिसलं असतं." या क्षणीसुद्धा ती चूक त्यांना लागली होती, हे स्वल्पीच्या लक्षात आलं. "परवा कागद जाळल्याचं वाचलं. बाबा म्हणाले, 'कसला गं दुष्ट हा काका!' त्यांना आठवत नाहीये, की आठवतंय म्हणून म्हणाले, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही."

"आणि नाव? 'शेवटची' का?"

मॅडमनी सुतळी उचलली, बोटाला गुंडाळू लागल्या.

"डॉक्टर जे म्हणाले त्यावरून, याच्यानंतर आणखी एखादं पुस्तक ऐकायला ते असतील असं वाटत नाही."

खोलीत डिंकाचा वास फार झाला होता. स्वल्पीने खिडकी ढकलली. ती अडकली, मग उघडली.

"काल तुम्ही बोलला का नाहीत?" तिने विचारलं. "हे सगळं ठीक आहे, मॅडम, पण काल मालक मला बोलत होते आणि तुम्ही चादरी बघत होतात."

"हो."

"मी उद्यापासून काउंटरमागे असते."

"हो," मॅडम म्हणाल्या. "बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मालकांनी तुझ्याकडे बघितलं. मग ते मिटणं सोपं गेलं. याला माझ्याकडे दुसरं वाक्य नाही."

खाली रस्त्यावर गाडी थांबली. मग जिन्यावर काठी वाजली, एक पायरी, दुसरी पायरी. बाई वेळेच्या आधीच आल्या होत्या.

"मी सांगू," स्वल्पीने विचारलं, "की तुम्ही?"

६

लेखिकाबाई बसल्या नाहीत. मालक घाम पुसत होते. अनुस्वार स्टुलावर न चढता नुसते शेजारी उभे होते आणि डीटीपी पडद्याआडून अर्धा दिसत होता.

"कळलं का?" बाईंनी विचारलं.

"हो, म्हणजे, कळलंय," स्वल्पी म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. ते उच्चारलं की नोकरी तिची होती. तिने मॅडमकडे बघितलं आणि स्वल्पविराम तसाच धरून ठेवला. थोडा वेळ. आणखी थोडा वेळ.

मालक म्हणाले, "अगं बोल की!"

"ती फाइल मी केली," मॅडम म्हणाल्या. "हिने मी सांगितलं तेच केलं. काल हिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले. चूक माझी, आणि ते गप्प बसणंही माझंच."

"तुम्ही?" बाईंची काठी जमिनीवर आपटली. "माझ्याशी तासन् तास एकेका शब्दावर भांडलात तुम्ही! तुम्हाला माझ्या मामाचा पुळका कशाला?"

मॅडमनी ओठ हलवले. आवाज आला नाही. लिहून दिलं असतं तर त्यांनी ते वाक्य खणखणीत वाचलं असतं.

"बाई," स्वल्पी म्हणाली, "तुम्ही निघालात तेव्हा मामी दारात उभ्या होत्या ना? ते मूल तुम्ही कधी पाहिलं नाहीत."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू मान मॅडमकडे वळली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि समोरच्या चेहऱ्यात कुणीतरी शोधू लागल्या. चष्म्याच्या काउंटरवर स्वल्पीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. नवी काच बसवल्यावर माणसं आपल्याच घरच्यांकडे असं बघतात.

"आईजवळ शेवटी कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"मी," मॅडम म्हणाल्या. "यंत्र अजून आहे. चालतं."

मग मॅडमनी बाकीचं सांगितलं, तुटक तुटक. न दिसणारे डोळे, संध्याकाळचं वाचन, दुष्ट काका. मालकांनी बिस्किटांची बशी उचलली, काय करावं ते न सुचून परत ठेवली.

"तो आहे अजून," बाई शेवटी म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"आहेत."

"पुस्तक पुन्हा छापा. जसं लिहिलंय तसं. आप्पांच्या हातात तेच जाईल, त्यात काही बदल नाही." मालकांनी घाईघाईने मान हलवली. "आणि ही चुकीची आवृत्ती रद्दीत घाला. एक प्रत मला द्या."

"कशाला, बाई?" मालकांना राहवलं नाही.

"अर्ध्यापर्यंत आलाय म्हणते ना ही. उरलेलं मी वाचीन त्याला." बाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मी काही संपादक नाही. लिहिलेलं नसलं तरी मला वाचता येतं. काका म्हणायचं की मामा, ते तिथे बसल्यावर, त्याच्या तोंडाकडे बघून माझं मी ठरवीन."

मॅडमनी काही म्हणायला तोंड उघडलं. या वेळी ते मिटायला त्यांना बराच वेळ लागला.

"मॅडमचं काय करायचं, ते माझं मी बघतो," मालक कुणीही विचारलेलं नसताना म्हणाले. मग स्वल्पीकडे वळले, नजर तिच्या बाहीवरच्या वाकड्यातिकड्या टाचलेल्या बटणावर ठेवून. "आणि तू... उद्यापासून या कचेरीत फाइलींची नावं तू ठेवायचीस. सगळ्यांच्या. माझ्यासुद्धा." यापेक्षा जास्त माफी मालकांच्या घराण्यात कुणी मागितली नव्हती.

"म्हणजे मी, परवापासूनही..."

"परवापासूनही, तेरवापासूनही! वाक्य पुरं कर कधीतरी."

लेखिकाबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. हातातली प्रत उघडून त्यांनी एक पान शोधलं, तिथे बोट ठेवलं आणि पुस्तक स्वल्पीसमोर धरलं.

"हे काकाकागे तेवढं नीट करून दे. त्याच्यासमोर मला अडखळायचं नाहीये."

स्वल्पीने लाल पेन उघडलं. तिला लाल पेन मिळून फार दिवस झाले नव्हते. आजवर तिने शिसपेन्सिलीनेच खुणा केल्या होत्या, कुणी खोडून टाकल्या तर टाकू देत म्हणून. तिने तो शब्द सरळ रेघेने कापला आणि समासात, पाय न हलवता, लिहिलं: कामामागे.

आई दिवसभर कामामागे धावे. मामा परत त्या शब्दाच्या पोटात जाऊन बसला. अख्ख्या प्रतीत तो तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.